पगारेबाईंनी न केलेली सही

खरा आकडा लिहिलेल्या कागदावर सही करायला एखादे प्रामाणिक माणूस नकार का देते? या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. आकडा खोटा असता तर प्रश्नच उरला नसता. पण शैलजा पगारे यांच्यापुढे ठेवलेल्या अहवालातला आकडा खरा होता, त्यांनी तो स्वतः मोजून पाहिला होता, आणि तरीही त्यांनी सही केली नाही. आमच्या ओळखीच्या मंडळींनी याचे उत्तर फार लवकर शोधले: बाई हट्टी, बाई तापट, निवृत्तीनंतर बाईंचे डोके फिरले. आता बाई राहिल्या नाहीत. सिन्नरच्या ज्या कारखान्यात हे घडले त्याच्या फाटकावर त्यांचा फोटो असलेला मोठा फलक लागला आहे आणि त्यावर ‘आमचे प्रेरणास्थान’ अशी अक्षरे आहेत. तो फलक पाहून मला आलेला संताप बाजूला ठेवून, शक्य तितक्या क्रमाने, मी बरोबर उत्तर मांडणार आहे. संताप पुरता बाजूला राहिला नाही, तर वाचकांनी समजून घ्यावे.

आम्ही दोघे नाशिकच्या एका तंत्रशाळेत शिकवत होतो. मी मशीन ड्रॉइंग शिकवत असे. बाई कार्यशाळेचे गणित आणि फिटिंग. बुटकी मूर्ती, पदर कमरेला घट्ट खोचलेला, चष्म्याची दोरी गळ्यात. बाईंच्या रागाची एक रीत होती. राग जसजसा चढे तसतसा त्यांचा आवाज खाली येई आणि समोरच्याचा मान वाढत जाई. एरवी मुलांना त्या ‘अरे तू’ म्हणत. रागावल्या की ‘तुम्ही’. आणि ‘आपण जरा फळ्याजवळ येता का?’ असे म्हणाल्या की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबे. मुख्याध्यापकांनाही त्या एकदा सलग ‘आपण’ म्हणत होत्या. ते पुढच्याच आठवड्यात कार्यशाळेच्या गळक्या पत्र्याकडे लक्ष देऊ लागले.

एका हुशार मुलाचे गणिताचे उत्तर बरोबर आले आणि बाईंनी त्याला भोपळा दिला. वडील तणतणत आले. उत्तर तर बरोबर आहे, मग गुण का नाहीत, असा त्यांचा सरळ सवाल होता. बाईंनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि मुलाची वही उघडून दाखवली. मुलाने दोन चुका केल्या होत्या आणि त्या योगायोगाने एकमेकींना खाऊन गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, “उत्तर चुकलं असतं तर त्याला चूक सापडली असती. आता तो ही पद्धत जन्मभर बरोबर समजून वापरेल. भोपळा त्याला शिक्षा म्हणून दिला नाही हो, जाग यावी म्हणून दिलाय.” वडिलांना ते पटले असे दिसले नाही. मुलगा मात्र दुपारी वही घेऊन परत आला.

आमच्या दोघांच्या हाताखालून गेलेला अभिजित कोठावदे पुढे इंजिनिअर झाला आणि त्याने सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना काढला. बाई निवृत्त झाल्यावर तो पेढे घेऊन त्यांच्या घरी गेला आणि जोडणी विभागातल्या बायकांना शिकवायला या, म्हणाला. बाई गेल्या, आणि शिकवणारी म्हणून गेलेल्या बाई वर्षभरात त्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

तिथे काय बनत असे ते आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. इंजिन इंधन जाळते. जाळायला हवा लागते. जास्त हवा कोंबली तर जास्त इंधन जळते आणि जास्त ताकद मिळते. ही हवा कोंबणाऱ्या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात. गाडी कंपनीतून बाहेर पडल्यावर, वेगाची हौस असलेली माणसे ते आपल्या खर्चाने बसवून घेतात. अभिजितच्या कारखान्यात त्यातला ट्विन-स्क्रू प्रकार बनत असे. ॲल्युमिनियमच्या पेटीत पीळ दिलेले दोन लांब रोटर शेजारी शेजारी फिरतात. एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत शिरतात, मध्ये सापडलेली हवा पुढे ढकलली जाते आणि ढकलता ढकलता दाबली जाते.

मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा म्हटले, हा तर उसाचा चरक. बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा विद्यार्थी झालो. “चरकाचे रूळ एकमेकांवर दाबून चालतात, सर. इथे रोटर रोटरला टेकला की यंत्र मेलं.” मग त्यांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घातली, पण एकही बोट दुसऱ्याला लागू दिले नाही, आणि तसेच हात फिरवून दाखवले. दोन्ही रोटरमधली फट कागदाच्या जाडीपेक्षा जास्त नसते. ती फट सांभाळण्याचे काम टोकाशी बसवलेल्या दोन दातेरी चक्रांचे असते. त्यांना टायमिंग गिअर म्हणतात. ते बसवणे हे जोडणीतले सर्वात नाजूक काम, आणि ते संगीता आव्हाड करत असे.

संगीता सिन्नरजवळच्या गावातून शेअरच्या जीपने येई. तिच्यासारख्या बऱ्याच बायका त्या विभागात होत्या. बाई रुजू झाल्या तेव्हा भिंतीवर एक सूचना होती: बांगड्या काढून कामाला बसावे. रोटरवर काळा लेप असतो, त्यावर बांगडीचा ओरखडा पडे. सूचनेमागचे कारण खरे होते. पण लग्न झालेल्या बायका बांगड्या काढायला तयार नव्हत्या, आणि व्यवस्थापन म्हणत होते की मग पुरुष घेऊ. बाईंनी ती सूचना स्वतःच्या हाताने उतरवली. “ओरखडा काच काढते. बाई काढत नाही,” असे त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकातल्या हातगाडीवरून सुती मोजे घेऊन आल्या. मोज्यांचे पुढचे टोक कापायचे आणि उरलेली नळी मनगटावर चढवायची, बांगड्या आत. तेव्हापासून त्या विभागात हातात मोजे घालूनच काम चाले. बाहेरचा पाहुणा हसला तर संगीता म्हणे, “हसा. पायातलं हातात आलं, पण काम हातचं गेलं नाय.”

या यंत्राला एक शिट्टी असते. रोटर जोरात फिरले की बारीक, चढत जाणारा आवाज येतो, आणि पुष्कळ गिऱ्हाइके ताकदीपेक्षा त्या आवाजावर भुलतात. कारखान्याचा निम्मा माल नाशिकबाहेर जाई. उरलेला नाशिकमध्ये बसवण्याचे काम गंगापूर रोडवर गॅरेज असलेला विकी करत असे. शर्यतीच्या मैदानावर गाड्या नेणारी पोरे त्याच्याकडे रांग लावत. यंत्राला इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवणारी एक पुली असते. ती काढून लहान पुली लावली की रोटर जास्त वेगाने फिरतात, शिट्टी वाढते, ताकदही वाढते. पण रोटरची टोके पेलणाऱ्या बेअरिंगना सोसणाऱ्या वेगाला मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की बेअरिंग तापून बसते.

विकीने कारखान्याकडे लहान पुल्या मागितल्या तेव्हा बाईंनी नकार दिला. तो समजावू लागला, “मॅडम, पब्लिकला आवाज पाहिजे. पॉवर कोण मोजतं?”

“मग गाडीच्या डिकीत कुकर ठेवा,” बाई म्हणाल्या. “शिट्टी होईल आणि वरणही शिजेल.”

विकी मोकळा हसला. तो वाईट माणूस होता असे मला कधी वाटले नाही. पण त्या दिवसापासून बाईंनी एक पद्धत घातली. यंत्र बाहेर पडण्यापूर्वी पुलीच्या बोल्टवरून पुलीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट सैल केला की रेघ तुटते, आणि पुन्हा आवळला तरी दोन तुकडे नेमके जुळत नाहीत.

आता त्या घटनेकडे येतो. पावसाळ्याआधी विकीने एका बिल्डरच्या मुलाच्या गाडीला यंत्र बसवले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, यंत्र उत्तम चालले. थंडीत एके दिवशी शर्यतीच्या सरावात ते जाम झाले, पट्टा तुटला, गाडी वळणावर फिरली आणि कठड्यावर आदळली. मुलाचा खांदा निखळला. जीव वाचला. बिल्डरने विकीला धरले, विकीने यंत्र कारखान्यात परत आणून अभिजितला धरले. माल खराब निघाला, लेखी द्या. नाहीतर यापुढे दुसऱ्याचा माल लावतो, एवढेच तो म्हणाला.

कारखान्याच्या तरुण इंजिनिअरने यंत्र उघडले आणि फट मोजली. टायमिंग गिअर जागेवरून सरकलेला होता. बाईंनी पुन्हा मोजले. आकडा तोच आला. अहवाल तयार झाला. वर आकडा, आणि खाली एक वाक्य: जोडणीच्या वेळी टायमिंग गिअर चुकीचा बसवल्यामुळे यंत्र जाम झाले. जोडणी करणारीचे नाव त्याच्या शेजारी लिहिलेले होते. संगीताला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको असे सांगायचे ठरले होते. सिन्नरच्या वसाहतीत अशी बातमी जीपच्या आधी पोचते. हा शिक्का बसलेल्या बाईला तिथे दुसरे फाटक उघडत नाही. बाईंना ते माहीत होते आणि अभिजितलाही.

बाई सही करेनात, तेव्हा अभिजितने मला फोन केला. सर, तुम्ही या, बाई तुमचं ऐकतात, असे तो म्हणाला. बाई कोणाचेच ऐकत नसत, हे तो शाळेत असल्यापासून जाणत होता. तरी मी गेलो.

त्याच्या खोलीत बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. जाम झालेले यंत्र टेबलावर उघडे होते. अभिजित शांतपणे विचारत होता.

“बाई, आकडा खरा आहे ना?”

“आहे.”

“मग अडलं कुठे?”

“त्याखालच्या वाक्यात,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकावे लागले. “माणूस झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. पाय मोडलाय हे खरंच आहे. आपण लिहिलंय की तो मोडका पाय घेऊनच झाडावर चढला होता.”

मग त्यांनी यंत्राकडे बोट केले. पुलीच्या बोल्टवरची पिवळी रेघ तुटलेली होती आणि तिचे तुकडे जुळत नव्हते. म्हणजे कोणीतरी पुली काढली होती, आणि परत पाठवण्यापूर्वी मूळची लावली होती. पेटीच्या आतल्या भिंतीवर, एकाच बाजूला, बेअरिंगजवळ खोल घाव होता. बाईंचे म्हणणे असे: लहान पुलीमुळे वेग वाढला, बेअरिंग बसले, रोटर एका बाजूला झुकून भिंतीला घासला, जाम झाला, आणि त्या धक्क्याने गिअर सरकला. गिअर हा शेवटचा बळी होता, पहिला गुन्हेगार नव्हे.

तरुण इंजिनिअर नम्रपणे म्हणाला की हे अनुमान आहे, मोजमाप नाही. बाईंना तो आक्षेप आवडला. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. प्रयोग करू, त्या म्हणाल्या.

आम्ही सगळे खाली गेलो. बाईंनी तपासणीत बाद झालेले एक यंत्र घेतले, त्यातला दोष या प्रश्नाशी संबंधित नाही हे इंजिनिअरला दाखवून दिले, आणि त्याचा गिअर मुद्दाम अहवालातल्या आकड्याइतका चुकीचा बसवला. तो आकडा इंजिनिअरने स्वतः तपासला. यंत्र चाचणीच्या बाकावर चढवून हळू वेगाने सुरू केले. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज निघाला आणि विभागातल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. यंत्र लगेच बंद करावे लागले. उघडून पाहिले तर घाव रोटरच्या उंचवट्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेटीची भिंत स्वच्छ.

बाई म्हणाल्या, “संगीताने गिअर असा बसवला असता, तर यंत्र याच बाकावर पहिल्या दिवशी ओरडलं असतं. ते गंगापूर रोडपर्यंत पोचलंच नसतं. पावसाळा आणि दिवाळी तर लांबची गोष्ट.”

संगीता मनगटावरच्या मोज्याचा धागा ओढत उभी होती. ती एवढेच म्हणाली, “माझ्या हातून झालं असतं तर मीच सांगितलं असतं, बाई.”

मला वाटले, प्रश्न संपला. शिक्षकाची ही जुनी भाबडी समजूत: सिद्ध झाले की संपले. आम्ही वर आलो. अभिजितने दार लावले आणि कपाळावर हात ठेवून बसला.

“मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला, बाई? रेघ मीही पाहिली. पण विकी गेला तर इथली निम्मी लाइन बंद पडेल. मग एकटी संगीता नाही, खालच्या सगळ्याच घरी बसतील. एकीवर निभावतंय. तिचं मी नंतर बघतो कुठेतरी.”

बाईंनी अहवाल त्याच्याकडे सरकवला आणि पेन पुढे धरले.

“मग तसंच लिहा. गिअरचं वाक्य खोडा आणि लिहा, ‘विकी जाऊ नये म्हणून एकीला घालवत आहोत.’ मी आत्ता, आपल्यासमोर सही करते.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. बाई हट्टी नव्हत्या. त्या सही करायला तयार होत्या. त्यांना फक्त खऱ्या वाक्याखाली सही करायची होती. खरा आकडा खोट्या वाक्याच्या मदतीला उभा केला की तो नुसत्या खोट्यापेक्षा वाईट, कारण नुसते खोटे निदान तपासले तरी जाते. अभिजित अडाणी असता तर मला राग आला नसता. त्याला गणित येत होते. ते आम्हीच शिकवले होते.

अहवाल दुसऱ्या दिवशी तरुण इंजिनिअरच्या सहीने गेला. त्याने प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. संगीताला घरी पाठवले आणि बाई तिच्याबरोबरच फाटकाबाहेर पडल्या. जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती दोन बिघडलेली यंत्रे. भंगारात जाणारच होती, म्हणून अभिजितने नेऊ दिली. दोघींनी ती गोणपाटात गुंडाळून जीपने नाशिकला आणली आणि आमच्या शाळेच्या कार्यशाळेत ठेवली.

पुढचे काही महिने बाई संगीताला घेऊन वसाहतीतल्या एकेका फाटकावर गेल्या. पहारेकरी आत फोन लावत, नाव सांगत, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत असे उत्तर येई. कागदाच्या जाडीची फट हाताने ओळखणारी संगीता आता दुसऱ्याच्या शेतात टोमॅटो खुडायला जाते. विभाग चालू आहे. विकी लहान पुल्या कुठून आणतो ते मला ठाऊक नाही, पण गंगापूर रोडवर संध्याकाळी ती शिट्टी ऐकू येते. आणि आमची सुशिक्षित मंडळी अजून विचारतात, एका बाईसाठी एवढं कशाला? मी त्यांना विचारतो, किती बायका असल्या म्हणजे चालेल? तेवढ्यात चहा येतो.

बाईंना मी शेवटचे पाहिले ते शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात. प्रमुख पाहुणा अभिजित होता आणि त्याच्या हस्ते जुन्या शिक्षकांचा सत्कार होता. बाई येणार नाहीत असे सगळ्यांनी धरले होते. त्या आल्या, आणि संगीताला घेऊन आल्या. शिक्षकांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत त्यांनी तिला शेजारी बसवले. स्वयंसेवक काही सांगायला वाकला आणि बाईंकडे पाहून न बोलता सरळ झाला.

नाव पुकारले गेले. बाई उठल्या नाहीत. पुन्हा पुकारले. टाळ्या सुरू होऊन विरल्या. मग अभिजित हसत, शाल आणि नारळ घेऊन स्वतः व्यासपीठावरून खाली आला. फोटोवाला त्याच्यापुढे उलटा चालत होता. अभिजितने शाल उलगडली. बाईंनी तळहात वर केला, फार वर नाही, छातीपर्यंत.

“चुकीची खुर्ची आहे ही,” त्या म्हणाल्या.

संगीता मान खाली घालून पुटपुटली, “बाई, राहू द्या ना.” बाईंनी हात खाली घेतला नाही. अभिजितने शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. तो बराच वेळ पाहत होता. त्याची नजर तिथे पोचली नाही असे त्याला कधी म्हणता येणार नाही. शालीचे एक टोक त्याच्या हातून सुटून फरशीवर आले होते. मग त्याने ती गोळा केली, घडी न घालताच काखेत मारली आणि परत व्यासपीठावर जाऊन बसला. निवेदकाने पुढचे नाव घेतले. चहाच्या आधीच त्या दोघी फाटकातून बाहेर पडल्या. संगीताची जीप चुकू नये म्हणून बाई भराभर चालत होत्या.

ती दोन्ही यंत्रे आमच्या शाळेच्या कार्यशाळेत, खिडकीजवळच्या बाकावर उघडी ठेवलेली आहेत. मी जे लिहिले त्यावर केवळ मी लिहिले म्हणून विश्वास ठेवू नका. शाळेच्या वेळेत या, दोन्ही पेट्यांच्या भिंतींवरून आणि रोटरच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा, आणि आधी घाव पडला की आधी गिअर सरकला ते स्वतः तपासून पाहा.